दोन घरचा पाहुणा

जानेवारीतल्या कुठल्याही सकाळी गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर उभे राहा, त्याची गाठ पडेल. चार पोरं आणि चौघांत मिळून एक फुगलेली सॅक. सॅकमध्ये लॅपटॉप, वायरींचा गुंता, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि जेवणाचा डबा. या सगळ्याच्या मधोमध तो अंग चोरून बसलेला असतो. नाव विचारलंत की मात्र अंग चोरणं संपतं. ‘आयओटी बेस्ड रिअल टाइम कंडिशन मॉनिटरिंग अँड प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स ऑफ शुगर मिल युजिंग मशीन लर्निंग’ हे सगळं तो एका दमात सांगतो आणि तुमच्या चेहऱ्यावर काही उमटलं का ते बघतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, कारखान्यात जाऊन करायचा स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट तो हाच.

स्पॉन्सर्ड म्हटल्यावर कारखान्यानं याच्यावर पैसे लावले असतील, असं समजू नका. कारखान्यानं एक पत्र दिलेलं असतं. लेटरहेडवर चार ओळी, खाली सही, सहीवर गोल शिक्का. मजकूर एवढाच, की सदर विद्यार्थ्यांनी आमच्याकडे प्रोजेक्ट करण्यास हरकत नाही. या ‘हरकत नाही’च्या भांडवलावर हा गृहस्थ वर्षभर कॉलेजात कॉलर ताठ करून फिरतो. पत्राच्या त्यानं सहा झेरॉक्स काढलेल्या असतात आणि एक लॅमिनेट करून घेतलेली असते.

त्याचा जन्म कारखान्यातला नव्हे. तो जन्मतो जुलै-ऑगस्टात, कॉलेजच्या लॅबमध्ये. बाहेर पाऊस लागलेला असतो, हिरण्यकेशी दुथडी भरून वाहत असते आणि तालुक्यातलं कारखान्याचं धुराडं गार पडलेलं असतं. चौघांपैकी तिघांनी साखर कारखाना आतून पाहिलेला नसतो. चौथ्यानं पाहिलेला असतो तो लहानपणी, मामाच्या ट्रॅक्टरवर बसून, वजनकाट्यापर्यंत. तरी बारसं थाटात होतं. नाव जितकं लांब तितके मार्क जास्त, अशी पंचक्रोशीतली श्रद्धा आहे. महागाव असो वा भडगाव, इथल्या कॉलेजांत अजून कुणी दोन शब्दांच्या प्रोजेक्टला मान दिलेला ऐकिवात नाही. मशीन लर्निंग त्याच्या नावात घातलं तेव्हा ते चौघांपैकी कुणालाच येत नव्हतं. पण पाळण्यातल्या पोराला आपण कलेक्टर म्हणतोच की!

खानदानाचा विषय त्याच्यासमोर काढू नका. काढलात तर एसटी सुटेल. त्याचे पणजोबा अमेरिकेतले. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली विद्यार्थ्यांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली, तिथून हा आपली वंशावळ मोजतो. आजोबा जर्मनीचे. स्टुटगार्टला १९७४ साली बॉश आणि डायम्लर-बेंझ यांच्यासारख्या कंपन्यांच्या पुढाकारानं निम्मं शिक्षण कंपनीत आणि निम्मं वर्गात अशी व्यवस्था उभी राहिली, तिच्यात त्यांचा जन्म. ब्रिटनमध्ये एक चुलतभाऊ आहे, त्याचं नाव काढताना मात्र याचा आवाज जरा खाली येतो. तिथे २०१५पासून डिग्री अप्रेंटिस नावाची जात आहे. पोरगा पहिल्या दिवसापासून नोकरीला, पगार हातात, पदवीची फी मालक आणि सरकार भरणार आणि शेवटच्या वर्षी कामाच्याच जागी, कामातलीच एखादी अडचण सोडवून प्रोजेक्ट दाखवायचा. भावाची सुबत्ता कुणाला बघवते?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. अप्रेंटिस कायदा १९६१चा. १९७३ साली त्यात दुरुस्ती होऊन पदवीधर आणि डिप्लोमावाल्या इंजिनिअरांना जागा मिळाली. २०१८ साली एआयसीटीईनं पदवीचा नमुना अभ्यासक्रम १६० क्रेडिटांवर आणला आणि इंटर्नशिपला त्यात पाट मांडून बसवलं. २०२० साली यूजीसीनं अप्रेंटिसशिप पोटात घेतलेल्या पदवीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१९च्या नियमांनी पदवीच्या अप्रेंटिसला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. फक्त तो स्वतः यातल्या कुठल्याच रजिस्टरात नोंदलेला नाही. त्याचं विद्यावेतन म्हणजे कँटीनचा चहा, तोही इन्स्ट्रुमेंट विभागातल्या मेस्त्रींच्या खात्यावर.

गंमत अशी, की परदेशातले हे सगळे नातेवाईक सांगताना तो घरच्या म्हाताऱ्यांना विसरतो. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तेव्हा एकोणीसशे सहा साली सिनसिनाटीत काय ठरलं याची त्यांनी चौकशी केली नव्हती. म्हादबा मेस्त्रींनी कोल्हापुरात इंजिनं घडवली, त्यांनीही सिनॉप्सिस कुठे मंजूर करून घेतली नाही. यंत्र उघडायचं, बिघडवायचं, दुरुस्त करायचं आणि मग नवं करायचं ही या जिल्ह्याची जुनी रीत. याच्या लिटरेचर सर्व्हेत मात्र वीस पेपर आहेत आणि वीसही परगावचे.

आता त्याच्या मुख्य दुखण्याकडे येऊ. त्याला दोन घरं आहेत. कॉलेजच्या घरात गाइड सर, कारखान्याच्या घरात चीफ इंजिनिअर साहेब. सोमवारी सर विचारतात, “यात नवीन काय आहे?” बुधवारी साहेब विचारतात, “यात खात्रीचं काय आहे?” कॉलेजला नावीन्य हवं, कारखान्याला भरवसा. सरांना ब्लॉक डायग्राम लागतो, साहेबांना तो दाखवला तर ते आधी मिल कुठल्या बाजूला काढलीय ते शोधतात. मग हा दोन्हीकडे वेगळा वागायला शिकतो. कॉलेजात अल्गोरिदमवर बोलतो, कारखान्यात अल्गोरिदमचं नाव काढत नाही. तिथे म्हणतो, “साहेब, बेअरिंग तापायला लागलं की आधी कळंल.” दोन्ही वाक्यं खरी असतात. फक्त ती एकाच खोलीत कधी बोलली जात नाहीत.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते याच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. कारखान्यात असला की कॉलेजात गैरहजेरी लागते, कॉलेजात असला की कारखान्यात वाटतं पोरं काम सोडून गेली. कॉलेजच्या हजेरीपटावर त्याला जागा नाही आणि कारखान्याच्या मस्टरवर तर नाहीच नाही. महिनाभर उन्हातान्हात राबून अखेरीस त्याच्या नावावर ‘डिफॉल्टर’ अशी नोटीस लागते. मग पुन्हा ते लॅमिनेट केलेलं पत्र बाहेर निघतं.

सगळी ऐट उतरते ती कारखान्याच्या गेटवर. वॉचमन मामांना त्याचं नाव ऐकायला वेळ नसतो. “कुठं जायाचं?” एवढाच प्रश्न. मिल हाउसला म्हटलं की “कुणाकडं?” त्यावर चौघंही चार वेगळी नावं सांगतात. मग रजिस्टरात सही, मोबाईल गेटवर जमा, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटं दोनच असतात, त्यामुळे चौघं एकदम आत गेल्याचं सहसा कुणी पाहिलेलं नाही. सॅक उघडली जाते. वायरी, सर्किट आणि बॅटरी बघून मामांच्या कपाळावर आठी पडते. “ह्ये काय? बाँब न्हवं ना?” आयओटी बेस्ड रिअल टाइम वगैरे मंडळी त्या वेळी चपात्यांच्या डब्यामागे लपलेली असतात.

त्याचा स्वभाव चिडका का, हे समजून घ्यायचं तर दोन कॅलेंडरं शेजारी टांगावी लागतील. कॉलेजचं शेवटचं सत्र जानेवारीत सुरू होऊन मे-जूनपर्यंत चालतं. कारखान्याचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि अलीकडे फेब्रुवारी-मार्चात त्याचा पट्टा पडतो. म्हणजे चालती मिल आणि मोकळा विद्यार्थी यांची गाठ पडायची ती मोजक्या आठवड्यांची. ऑक्टोबरात बॉयलर अग्निप्रदीपनाला नारळ फुटतो तेव्हा हा सातव्या सत्राच्या परीक्षेत. नोव्हेंबरात गव्हाणीत मोळी पडते तेव्हा चौघांतला एक फुटबॉलच्या मैदानावर, कारण दिवाळी आणि फुटबॉल गडहिंग्लजात वेगळे काढता येत नाहीत. तो फॉरवर्ड खेळतो आणि सेन्सर लावायचं काम ‘बॅक’वर टाकतो. जानेवारी उजाडतो तेव्हा निम्मा ऊस गाळून झालेला असतो.

बरं, जानेवारीत गेलं म्हणून मिल थोडीच थांबते? यार्डात ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागलेली. तोडलेला ऊस ठेवला की वाळतो, उतारा घसरतो. कोल्हापूर भागात शंभर किलो उसाला साधारण बारा किलो साखर पडते. त्या बारातलं पाव किलो गेलं तरी चीफ केमिस्टच्या कपाळाला हात जातो. अशा ठिकाणी “सर, सेन्सर बसवायला मिल पाच मिनिटं बंद करता का?” असं विचारणारा पोरगा एकदाच विचारतो. उत्तर ठरलेलं असतं. “क्लिनिंगला थांबंल तवा बसवा.” मग हा क्लिनिंगची वाट बघत बसतो. आणि क्लिनिंग नेमकी कधी येते, तर कॉलेजात दुसरा रिव्ह्यू असतो त्या दिवशी. दोन पोरं रिव्ह्यूला, दोन पोरं मिलवर. रिव्ह्यूत विचारतात, हार्डवेअर कुठाय? हार्डवेअर मिलवर विचारतं, बाकीचे दोघं कुठायत?

लॅबमध्ये तो मोठा हुशार. टेबलावर पंखा चालू, सेन्सर गरम पाण्याच्या ग्लासात, लॅपटॉपवर आलेख सुरेख चढतोय. मिल हाउसमध्ये पाऊल टाकलं की त्याला घाम फुटतो. जमीन थरथरत असते, शेजारच्या माणसाशी बोलायला कानाला तोंड लावावं लागतं, रसाचा आंबूस वास, इम्बिबिशनच्या गरम पाण्याची वाफ आणि वर सगळीकडे बगॅसची धूळ. त्याचं वायफाय लोखंडी खांबांच्या जंगलात दहा पावलांवर दम सोडतं. त्याचं चार-पाचशे रुपयांचं सर्किट ३.३ व्होल्टवर जगणारं आणि पॅनलमधला पुरवठा २४ व्होल्टचा. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ते दोन्ही एकमेकांना जोडतो. बारीकसा ‘टक्’ आवाज येतो, जळकट वास येतो आणि नवं सर्किट आणायला कोल्हापूर किंवा बेळगावची एसटी पकडावी लागते.

इथेच त्याला पहिला गुरू भेटतो, इन्स्ट्रुमेंटचे मेस्त्री. कॉलेजात शून्य म्हणजे शून्य. मेस्त्री सांगतात, आमच्याकडे शून्याला चार म्हणतात. कारखान्यातली मापं ४ ते २० मिलिअँपिअरच्या तारेवरून धावतात. मोजायची गोष्ट शून्यावर असली तरी तारेत चार मिलिअँपिअर खेळतच असतात. तार तुटली तर मात्र खरंखुरं शून्य दिसतं. म्हणजे ‘काही नाही’ आणि ‘काही कळत नाही’ यांतला फरक तारेलाच ठाऊक असतो. हे ऐकल्यावर आपला हा पाहुणा बराच वेळ गप्प होता म्हणतात. त्याला तोवर दोन्ही गोष्टी एकच वाटायच्या. सिनॉप्सिस लिहितानाही.

दुसरे गुरू ऑइलमन मामा. त्यांच्याशी पहिल्या भेटीतच याचं वाजलं. हा तपशिलात सांगण्यासारखा प्रसंग आहे. मिलच्या रोलरचं बेअरिंग. हाउसिंगवर पोरांनी सेन्सर चिकटवलेला, पडद्यावर आकडा ४१. मामा तेलाची किटली घेऊन आले, डाव्या हाताचा तळवा बेअरिंगच्या टोपीवर टेकवला, दोन श्वास थांबले आणि हात उचलला.

“तापलंय.”

“नाही मामा, एक्केचाळीसच आहे,” प्रोजेक्ट पोराच्या तोंडून बोलला.

मामांनी पडद्याकडे बघितलं, सेन्सरकडे बघितलं. मग सेन्सरच्या शेजारून आत शिरणाऱ्या पाण्याच्या पाइपावर बोट ठेवलं. “तुमी पाणी मोजाय लागलायसा, बेरिंग न्हवं.”

बेअरिंग गार ठेवायला हाउसिंगमधून पाणी फिरवलेलं असतं आणि सेन्सर चिकटवला होता बरोबर त्या पाण्याच्या वाटेवर. मेस्त्रींनी इन्फ्रारेड गन आणून मामांच्या तळव्याच्या जागेवर धरली. अठ्ठावन्न. मामांनी गनकडे बघितलंसुद्धा नाही. ते पुढच्या बेअरिंगला तेल घालायला गेले होते.

त्या दिवसापासून त्याच्या वागण्यात फरक पडला. सेन्सर कुठे बसवायचा हे पेपरात शोधणं बंद झालं. मामांचा हात जिथे टेकतो तिथे, असं ठरलं. पुढच्या क्लिनिंगला मेस्त्रींनी तिथे लहानसं भोक पाडून दिलं, सेन्सर धातूच्या नळीत घालून आत बसवला. राहिला प्रश्न धोक्याची घंटा कधी वाजवायची याचा. त्यासाठी मशीन लर्निंगनं शेकडो रीडिंगं मागितली होती आणि ती गोळा होईपर्यंत हंगाम थांबणार नव्हता. मामांना विचारलं. मामा म्हणाले, “रोज जेवढं असतंय त्येच्यापेक्षा धा वर गेलं की हाक मारा.” प्रत्येक बेअरिंगचा रोजचा ताप वेगळा, म्हणून ठरावीक आकडा धरून उपयोग नाही, त्याच्या नेहमीच्या पातळीपासून तो किती सरकला ते बघायचं. वीस पेपरांपैकी निम्म्यांचा निष्कर्ष फिरून फिरून इथेच येत होता. मामांनी एका वाक्यात गाठला, संदर्भसूचीशिवाय.

असा तो हळूहळू बारीक होत गेला. आधी मशीन लर्निंग गळलं. मग क्लाउड गेला, कारण मिल हाउसमध्ये इंटरनेटच टिकेना. मोबाईल अ‍ॅप गेलं, कारण मोबाईल गेटवर जमा. सहा सेन्सरांचे दोन झाले. शेवटी उरला एक पत्र्याचा डबा. त्यावर लाल आकड्यांचा डिस्प्ले, एक दिवा आणि एक भोंगा. डिस्प्ले मोठा का, तर मामांना चष्मा लागतो आणि मिलवर चष्म्यावर वाफ धरते. लांबलचक नावाचा एकही शब्द अंगावर उरला नव्हता. आणि त्याच आठवड्यात रात्रपाळीच्या शिफ्ट इंजिनिअरनं पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, “पोरांच्या डब्यावर किती दाखवतंय?” लक्षात घ्या, अख्ख्या वर्षात कारखान्यातल्या कुणीतरी त्याला आपण होऊन काही विचारायची ही पहिलीच वेळ.

कॉलेजच्या घरात मात्र त्यानं जाडी कमी केलेली नाही. तिथे त्याचं दुसरं शरीर तयार होत असतं, त्याचं नाव रिपोर्ट. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. सोनेरी अक्षरांत चूक झाली तर सगळंच परत, म्हणून बाइंडिंगवाल्याच्या दुकानात चौघं मिळून एकेक स्पेलिंग वाचतात. आतली सत्तर पानं कुणी एवढ्या भक्तीनं वाचलेली नाहीत. प्रस्तावना साखरेच्या इतिहासापासून सुरू होते. ऋणनिर्देशात प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड, आईवडील आणि ईश्वर. ऑइलमन मामांचं नाव कुणालाच माहीत नसतं, म्हणून ‘कारखान्यातील सर्व कर्मचारी’. मग ते सॉफ्टवेअरमध्ये घालून उचलेगिरीची टक्केवारी काढायची. मागच्या बॅचची प्रस्तावना जशीच्या तशी आलेली असते. ती लपवायला वाक्यांची उलटापालट होते आणि त्या भानगडीत ‘शुगर मिल’ची ‘स्वीट ग्राइंडर’ होते.

त्याच्याजवळ एक डायरीही असते, दर आठवड्याला गाइडची आणि कारखान्यातल्या साहेबांची सही घ्यायची. ती तो कधीच दर आठवड्याला घेत नाही. एप्रिलच्या अखेरीस एका बैठकीत पंधरा आठवड्यांचं काम आठवून लिहिलं जातं. शाई वेगळी दिसावी म्हणून तीन पेनं लागतात, अक्षर वेगळं दिसावं म्हणून चार पोरं. एवढी काळजी घेऊनही डायरीप्रमाणे महाशिवरात्रीला हे चौघं सकाळी दहा ते पाच मिल हाउसमध्ये हजर असतात. सर सह्या करताना त्या पानावर थांबतात, चष्म्यावरून बघतात आणि सही करतात. सरही एकेकाळी असाच एक पाहुणा सांभाळून आलेले आहेत.

खोटं बोलायची एक खोड त्याला आहे, ती मी झाकून ठेवत नाही. पट्टा पडला मार्चात, रिपोर्ट द्यायचा मेमध्ये आणि आलेख तर सहा महिन्यांचा हवा. मग एक्सेलमध्ये बसून एप्रिलचं तापमान तयार केलं जातं. तयार केलेलं तापमान फार गुणी असतं. चढतं तर सरळ चढतं, उतरतं तर नीट उतरतं. खऱ्या मिलचा आलेख दात पडलेल्या फणीला लाजवणारा. ऊस कमी आला की खाली, क्लिनिंग झाली की तळाला, रात्री कुणी पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला की भलतीकडेच.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. “कारखाना कधी बंद झाला?” मार्चमध्ये, एकानं खरं सांगितलं. “मग ही एप्रिलची रीडिंगं कुठल्या मिलची?” खोलीतला पंखा तेवढा फिरत राहिला. सोनेरी अक्षरं, वीस पेपर, पाच प्रती, कुणीच मदतीला आलं नाही. परीक्षकांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. “हे राहू दे. तिथे तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा.” मग फुटबॉलवाला पोरगा, ज्यानं वर्षभरात पीपीटीत एक शब्द लिहिला नव्हता, तो पुढे झाला आणि मामांचा तळवा, पाण्याचा पाइप, अठ्ठावन्नचा आकडा आणि दहाचा नियम हे सगळं त्यानं गडहिंग्लजच्या बोलीत सांगून टाकलं. सांगताना हात कुठे टेकायचा तेही टेबलावर दाखवलं. परीक्षकांनी मध्ये तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं त्याला ठाऊक होती, कारण ते तिन्ही प्रश्न आधी मिलवर कुणीतरी विचारून झाले होते. एप्रिलच्या पानावर लाल रेघ आली आणि मार्क बरे पडले.

जूनमध्ये चौघं पांगतात. दोन हिंजवडीला, एक चाकणला, एक घरच्या उसात आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत. काळ्या रेक्झिनचं शरीर कॉलेजच्या कपाटात इतर भावंडांशेजारी उभं राहतं. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते सहसा रजेवर असतात. पत्र्याचं शरीर मात्र मिल हाउसमध्येच राहतं. ओव्हरहॉलिंगला सगळी मिल उघडली जाते तेव्हा मेस्त्री तो डबा काढून पॉलिथिनमध्ये गुंडाळून आपल्या कपाटात ठेवतात. लेखी आदेश कुणी दिलेला नसतो.

नोव्हेंबरात हिंजवडीतल्या एकाला ऐन मीटिंगमध्ये फोन येतो. नंबर गडहिंग्लजचा. “आरं, डब्याचा पासवर्ड काय ठेवलायस?” पोरगा मीटिंगमधून उठून बाहेर जातो. पासवर्ड त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव आणि जन्मसाल असा असतो, तो मेस्त्रींना स्पेलिंगसकट सांगावा लागतो. मेस्त्री पलीकडून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करतात, मागे मिल हाउसमध्ये कुणीतरी हसतं. मग “चालू झाला बघ” आणि फोन बंद. आभार वगैरे नाहीत. पगारवाढीचा मेल आला तेव्हा तो एवढा खूश नव्हता, असं त्याच्या शेजारी बसणारा सांगतो.

त्याच महिन्यात नवी बॅच हरकत नसल्याचं पत्र घेऊन गेटवर येते. चार नवी पोरं, तीच सॅक, हेल्मेटं अजून दोनच. नव्या पाहुण्याचं नाव थोरल्यापेक्षा लांब आहे, त्यात ‘डिजिटल ट्विन’ आहे, ‘एआय एनेबल्ड’ आहे आणि शेवटी ‘व्हर्जन टू’ आहे. चीफ इंजिनिअर साहेब ते नाव शेवटपर्यंत वाचतात. ही त्यांची मोठीच प्रगती म्हणायची. मग कागद परत देतात आणि मिल हाउसकडे हात करतात. “छान आहे. आधी त्या डब्याची वायर उंदरानं कुरतडलीय, ती बदला.”